भागोजी मुकादमाची हजेरी

वरंधच्या घाटात सडकेच्या टोळीवर भागोजी मुकादमानं आठ वर्षं हजेरी घेतली. त्या आठ वर्षांत त्याच्या मस्टरवर एक खोटं नाव चढलं नाही की एक खाडा लपला नाही, असं त्याचे साहेब कौतुकानं सांगायचे. वाडीतली माणसं ते ऐकून नुसती मान हलवायची आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागायची. कारण त्याच मस्टरातले अकरा खाडे कोणाचे होते आणि कसे पडले, हे वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

भागोजी मुळातला वाईट माणूस नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून त्याला दोन शिव्या हासडाव्याशा वाटतील. मलाही वाटल्या. मानमोडीच्या साथीत आठ दिवसांच्या अंतरानं त्याचे आई-बाप गेले, तेव्हा तो असेल दहा-बारा वर्षांचा. चुलता कोंडाजी आणि काकी राहीबाई यांना मूलबाळ नव्हतं. कोंडाजीनं पोराला खांद्यावर टाकून घरी आणलं आणि त्या दिवसापासून 'भाग्या, अरे भाग्या' या हाकेनं ते घर भरून गेलं. वाडीतली त्याच्या वयाची पोरं गुरांमागं गेली, थोडी मोठी झाल्यावर मुंबईला गेली. भाग्याला मात्र कोंडाजीनं बिरवाडीच्या शाळेत घातलं. नाचणीच्या खुरपणीत हात कमी पडले तरी त्याला शाळेतून काढलं नाही. "घरात येक तरी अक्षरवाला होवंदे," एवढंच त्याचं म्हणणं.

कोंडाजी स्वतः सडकेच्या टोळीत होता. दरीच्या अंगाला चुना-माती न घालता नुसते दगडावर दगड बसवून गडगे रचायचे, हे त्याचं काम. दगड हातात घ्यायचा, दोनदा फिरवायचा आणि ठेवायचा. ठेवलेला दगड त्यानं पुन्हा उचललेला कुणी पाहिला नाही. त्याच्या हातचे वीस-वीस पावसाळे खाल्लेले गडगे घाटात उभे होते. वाडीत त्याचा मानही तसाच. सोयरिक असो की भाऊबंदांतला तंटा, कोंडाजीआबा बोलल्याशिवाय सुपारी फुटायची नाही.

एकतीस सालच्या शिमग्याआधी जुना मुकादम महिपती गुडघ्यांनी अडला आणि घरी बसला. ओव्हरसियर परचुरे महाडहून पंधरवड्यातून एकदा यायचे. सायकल पायथ्याशी ठेवायची आणि हातरुमालानं मान पुसत वर चढायचं. त्यांनी कोंडाजीला बाजूला घेऊन सांगितलं, "मुकादमी तू घे. माणसं तुझं ऐकतात."

कोंडाजी हसला. "सायेब, दगड सांगा, उचलतो. पेन्सील नाय उचलत माझ्याच्यानं. पुतन्या हाय माझा, शिकलेला. त्याला घ्या."

परचुऱ्यांनी भागोजीला घेतलं. म्हणजे चुलत्यानं आपल्या हातानं पुतण्याला आपल्याच डोक्यावर बसवलं, आणि वर त्या संध्याकाळी वाडीभर गूळ वाटला.

त्याच सुमाराला खात्याचा कागद आला. घाटातल्या सातव्या मैलावर एक कायमचा मैलकुली नेमायचा होता. कायमचा म्हणजे पितळी बिल्ला, खाकी डगला, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यातही काम. बाकी टोळीला मृगाला घरी पाठवत आणि दसऱ्याला परत बोलावत. कायमच्या माणसानं मात्र आपला मैल बारा महिने राखायचा. अट एकच होती. शिमग्यापासून मृगापर्यंत मस्टरवर दहाच्या वर खाडे नकोत. टोळीत यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. सातवा मैल कोंडाजीचा, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. म्हाताऱ्यानं पन्नाशी ओलांडली होती, घण मारताना आता त्याला दम लागायचा. आपल्या मैलावर फावडं घेऊन फिरावं, मोऱ्या मोकळ्या ठेवाव्यात, गडग्याचा एखादा दगड ढळला तर नीट बसवावा, एवढंच म्हातारपण त्याला हवं होतं. राहीबाईनं तर डगला टांगायला भिंतीत खुंटीही ठोकून घेतली होती.

हजेरी सकाळी सहाव्या मैलाच्या दगडापाशी व्हायची. बाया धरून बावीस माणसं. मुकादमानं मस्टर उघडायचं, एकेक नाव पुकारायचं, माणसानं 'हजर' म्हणायचं, की नावापुढे खूण. पहिल्याच दिवशी भागोजीची जीभ एका नावापाशी अडली. मस्टरात लिहिलं होतं, 'कोंडाजी सोनबा'. म्हणजे एका दमात चुलता आणि आजा, दोघांचीही नावं घ्यायची. आमच्याकडे वडील माणसाचं नाव त्याच्या तोंडावर घेत नाहीत. घेतलं तर चार माणसांत त्याचं पागोटं उडवल्यातच जमा. भागोजीनं वर पाहिलं. आबा समोर उभा होता. मग त्यानं गुपचूप खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. टोळीला त्यात काही वावगं वाटलं नाही. दहा-बारा दिवस असेच सुखाचे गेले.

मग एका सकाळी परचुरे ऐन हजेरीच्या वेळी येऊन उभे राहिले. त्यांची नजर मस्टरवर होती.

"थांब. हे नाव तू पुकारलंच नाहीस."

"साहेब, ते समोरच उभे आहेत."

"असतील. पण न पुकारता खुणा करायला लागलास तर उद्या मेलेली माणसंही मस्टरवर कामाला येतील. नाव पुकार. ओ आली तर खूण, नाही आली तर खाडा. नातं घरी ठेवून यायचं."

बावीस माणसं बघत होती. भागोजी ओरडला, आणि घाबरलेला असल्यामुळे नको तेवढ्या मोठ्यानं ओरडला, "कोंडाजी सोनबा!"

कोंडाजी चार हातांवर उभा होता. त्यानं पुतण्याकडे नीट बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. हा कोण बोलतोय, असं काहीसं होतं. त्यानं ओ दिली नाही.

"खाडा," परचुरे म्हणाले.

भागोजीनं पेन्सिल जिभेला लावली. ती जांभळी पेन्सिल होती. साधं शिसं खोडता येतं म्हणून खात्यानं ही दिलेली. थुंकी लागली की शाईसारखी उमटायची आणि मग काही केल्या निघायची नाही. भागोजीनं खाडा मांडला. कोंडाजी पहार घेऊन सातव्या मैलाकडे गेला आणि दिवसभर गडगा रचत राहिला.

इथवर भागोजीला मी दोष देत नाही. साहेब उरावर उभा असताना गरीब माणूस काय करणार? पण दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते. तिसऱ्या दिवशीही नव्हते. गुपचूप खूण करायला त्याचा कुणी हात धरला नव्हता. आबा नेहमीच्या जागी उभा होता. आणि तरीही भागोजीनं मान वर करून खणखणीत आवाजात पुकारलं, "कोंडाजी सोनबा!"

का पुकारलं, हे त्यानं पुढे बायकोजवळ, चंद्रभागेजवळ, एकदा कबूल केलं. त्याला ते गोड लागलं होतं. परचुऱ्यांनी जाताना खांद्यावर थाप मारली होती, "आता खरा मुकादम झालास." ज्या माणसापुढे सारी वाडी खाली बघून बोलते, त्याचं नाव आपण नुसतं, एकेरी पुकारतो आणि कुणी अडवत नाही, याची त्याला चटक लागली. वरून मात्र तो म्हणायचा, नियम म्हणजे नियम.

म्हाताराही काही कमी हट्टी नव्हता. तो रोज वेळेवर यायचा, रोज नाव पुकारलं जायचं, रोज तो गप्प राहायचा, रोज खाडा पडायचा आणि रोज तो दिवस मावळेपर्यंत काम करायचा. खाडा पडलेल्या माणसाचं काम म्हणजे फुकटचं काम. टोळीत तट पडले. चांगू म्हणून एक लुकडा गडी होता, कामात चुकार, पण वारा कुठून येतो ते त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. तो आता 'हजर, मुकादमसाहेब!' म्हणून ओ द्यायला लागला. चार दिवसांत त्याच्या हातातला घण गेला आणि त्याला पाणी वाटायचं काम मिळालं. बाकीचे मात्र 'हजर' इतकं तोंडातल्या तोंडात म्हणत की भागोजीला दोन-दोनदा पुकारावं लागे. खडी फोडणाऱ्या बाया एकमेकींना विचारायच्या, "आज किती झाले गो?" आणि भागोजी जवळून गेला की घण जास्तच जोरात आपटायच्या.

यात गंमत, म्हणजे रडावं अशी गंमत, ही की घर एकच होतं. राहीबाई पहाटे एकाच तव्यावरच्या भाकऱ्या दोन फडक्यांत बांधायची. दोघंही एकाच दारातून निघायचे. म्हातारा पुढं, मुकादम पन्नास पावलं मागं. संध्याकाळी दोघंही एकाच चुलीपुढं खाली मान घालून जेवायचे. राहीबाईला राहवायचं नाही. "काय रे भाग्या, दिवसभर राबतोय ना त्यो? मंग खाडा कसला?"

"काकी, मी रोज पुकारतो. 'हजर' म्हणायला काय जातंय?" भागोजी म्हणायचा आणि हात धुवायला उठायचा.

सातवा खाडा पडला त्या दिवशी दुपारी कोंडाजी आपण होऊन त्याच्यापाशी आला. झऱ्यावर दोघंच होते.

"भाग्या, मला आबा म्हन असं मी बोलत नाय," तो म्हणाला. "सडकेवर तू मुकादम. मला मान्य हाय, मीच तुला केला. पयल्यासारखी गप खून कर. येवडंच मागतो."

"साहेबांनी विचारलं तर?"

"सायेब हितं हाय का?"

"आबा, तुमी एकदाच 'हजर' बोला. मंग बघू."

"मी हजर हाय, ह्ये तुला दिसत नाय?"

पेचात सापडला की माणूस लागेल असं बोलतो, तसा भागोजी बोलला. "मंग फुकट राबता कशाला? बसा घरी."

"गडगा अर्धा टाकून?" कोंडाजी म्हणाला. "पाऊस काय तुजा मस्टर बघून येतो?" त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि तो निघून गेला. पुन्हा त्या विषयावर त्यानं तोंड उघडलं नाही.

दहावा खाडा पडला त्याच दिवशी परचुरे आले. ते काही दगडाच्या काळजाचे नव्हते. मस्टर चाळून त्यांनी भागोजीला टोळीपासून लांब नेलं. "दहा झाले. अकरावा पडला की म्हातारा कायमच्या नेमणुकीतून गेला. तुला ठाऊक आहे ना?" भागोजीनं मान हलवली. परचुरे दरीकडे बघत म्हणाले, "मी काही आता पंधरा दिवस इकडे येत नाही." याहून स्पष्ट साहेबानं काय सांगायचं?

भागोजीला ते कळलं होतं. त्या संध्याकाळी चंद्रभागेनं त्याला आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. त्यानं ठेवला. उद्या गप खूण करीन, म्हणाला. आणि तो खरंच त्याच इराद्यानं दुसऱ्या सकाळी मैलाच्या दगडापाशी गेला.

नावं पुकारली गेली. कोंडाजीचं नाव आलं. भागोजी थांबला, पेन्सिल जिभेला लावली, आणि खूण करायला हात खाली नेला. एवढ्यात पाण्याच्या घागरीला टेकून उभा असलेला चांगू दात काढत म्हणाला, "का हो मुकादम, नाव विसरलाव? का आज घरनं सांगून धाडलंय?"

दोघं-तिघं फिसकन हसले. तेवढंच. पण भागोजीची कानशिलं तापली. आता न पुकारता खूण केली तर ही माणसं उद्यापासून आपल्याला हिंग लावूनही विचारणार नाहीत, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं पुकारलं, "कोंडाजी सोनबा!"

त्या दिवशी तो फार वेळ थांबला. इतका वेळ कधी थांबला नव्हता. म्हाताऱ्यानं घसा खाकरला. बाजूला उभी असलेली साळूबाई नंतर शपथेवर सांगायची, की त्याचे ओठ हलले होते, अर्धा शब्द तोंडात आला होता. भागोजीनं अजून चार श्वास धीर धरला असता तर तो बाहेरही आला असता, असं तिचं म्हणणं. खरं-खोटं देव जाणे. भागोजीनं मस्टरवर मान घातली आणि अकरावा खाडा मांडला.

दुपारच्या सुट्टीत त्यानं ओल्या फडक्यानं ती खूण पुसायचा प्रयत्न केला. कागद तेवढा जांभळा झाला. दुसऱ्या दिवसापासून तो आबाचं नाव न पुकारता गप खूण करायला लागला, पण अकरा खाडे पडायचे ते पडलेच होते. पुढच्या खेपेला परचुऱ्यांच्या पायाशी बसून त्यानं विनवण्या केल्या. परचुरे म्हणाले, "तुझ्याच हातचं आहे. मी कसं खोडू?" सातव्या मैलावर चांगूची नेमणूक झाली, कारण टोळीत एकही खाडा नसलेला तो एकटाच होता. कोंडाजीनं मृगाच्या आदल्या दिवशी गडग्याचा शेवटचा दगड बसवला, झऱ्यावर हातपाय धुतले आणि पहार टोळीच्या खोपटात ठेवली. दसऱ्याला तो परत गेला नाही.

पहार ठेवली त्या संध्याकाळी भागोजी घरी आला तेव्हा कोंडाजी ओटीवर पाटावर बसला होता. पुतण्याला बघताच तो उठला. "या मुकादम," तो म्हणाला. "बसा." आणि पाट सरकवून स्वतः उंबऱ्यापाशी जमिनीवर टेकला.

भागोजीला वाटलं टोमणा मारतोय. टोमणा असता तर त्यानं तो गिळला असता. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर राग नव्हता, खवचटपणा नव्हता. त्यानं मनाशी काहीतरी ठरवून टाकलं होतं, आणि ठेवलेला दगड तो कधी उचलायचा नाही. भागोजीनं त्याचे पाय धरले. "आबा, लाथ घाला मला. पन भाग्या म्हना."

"असं कसं, मुकादम? तुमचा मान हाय," कोंडाजी म्हणाला आणि त्याचे हात हळूच सोडवले. आत राहीबाई चुलीत फुंकर घालायचं निमित्त करून डोळे पुसत बसली.

पुढं एका घरात राहणं भागोजीला सोसेना. त्यानं वाडीच्या खालच्या अंगाला वेगळी चूल मांडली. सणावाराला तो थोरल्या घरी जायचा, पाट मिळायचा, पहिलं ताट मिळायचं, वाडीतलं कुणी आलेलं असलं की कोंडाजी सांगायचा, "आमचे मुकादम आल्यात." भाग्या हे नाव त्याच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. भागोजीची हजेरी चोख चालली, साहेब बदलले, शाबासक्या मिळाल्या. प्रत्येक शाबासकीला तो अंग चोरून उभा राहायचा.

आणखी एक गोष्ट त्याला बघावी लागली. चांगू पावसात डगला घालून चौकीत विडी फुंकत बसायचा, आणि सातव्या मैलाच्या मोऱ्या पाल्यानं तुंबायच्या. तेव्हा कोंडाजी इरलं घेऊन घाट चढायचा आणि मोऱ्या मोकळ्या करायचा. कुणी सांगितलेलं नाही, कुठल्या मस्टरवर नाव नाही. भागोजीनं एकदा खालच्या वळणावरून ते पाहिलं. वर जाऊन त्याच्या हातातलं फावडं घ्यावं असं त्याला फार वाटलं. पण म्हातारा 'राहू द्या, मुकादम' म्हणेल, या भीतीनं तो तसाच मागं वळला.

अडतीसच्या कार्तिकात कोंडाजी हिवतापानं आडवा झाला. भागोजीनं सडक टोळीवर सोडली आणि तीन दिवस त्याच्या उशाशी बसून राहिला. तापात म्हातारा सारखा बोलायचा. मेलेल्या आईला हाक मारायचा, भागोजीच्या बापाशी भांडायचा, कधीच्या काळी विकलेल्या बैलाला नावानं थांबवायचा. भागोजी कान लावून ऐकायचा. एवढी नावं येतायत, त्यात आपलंही एकदा येईल, या आशेवर त्यानं ते तीन दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. कोंडाजीनं डोळे उघडले, छपराकडे बघितलं, मग उशाशी बसलेल्या माणसाकडे. नजर स्वच्छ होती, ओळख पुरती होती.

"मुकादम, तुमी का बसलाव?" तो म्हणाला. "सडकेवर माणसं खोळंबली असतील."

"आज सुट्टी हाय, आबा."

"मंग बसा." त्यानं राहीबाईकडे बघून बोटानं खूण केली, यांना पाट दे. तिनं पाट आणला नाही. ती भिंतीला टेकून तशीच बसून राहिली.

उन्हं कलायच्या आत कोंडाजी गेला. ओटीवर माणसं जमली, कुणी बांबू आणायला गेलं. भागोजी सारवलेल्या जमिनीवर म्हाताऱ्याचा हात धरून बसला होता. थोड्या वेळानं वाडीतला एक जाणता माणूस आत आला, वाकला, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मुकादम, उठा आता."